शेवंतीची सहा सांदणं

डोंगराच्या कुशीत शेवंतीचं चिमुकलं घर होतं. घरामागे इवलीशी बाग: चार केळी, दोन पपया आणि एक म्हातारा फणस.

यंदा ऐन फळांच्या दिवसांत आई तापाने निजली. ताप उतरला, पण तोंडाची चव काही परत येईना. "माती खाल्ल्यासारखं लागतं गं," असं म्हणून ती ताट सरकवून देई. दिवसेंदिवस ती वाळत चालली. बाबा दिवसभर लोकांच्या बागांत राबत, म्हणून चूल आठ वर्षांच्या शेवंतीकडे आली.

एका सकाळी ती पिकलेला फणस काढायला गेली. देठाशी काहीतरी सोनेरी लुकलुकत होतं. पाहते तर अंगठ्याएवढी परी! झगा गऱ्यासारखा पिवळाधमक, आणि झिरझिरीत पंख पांढऱ्या चिकात घट्ट अडकलेले.

"हलू नकोस हं, पंख फाटतील," शेवंती म्हणाली. तिने खोबरेल तेल आणलं आणि बोटाच्या टोकाने हळूहळू चीक सोडवला. परीने पंख झटकले, तशी हवेत सोनेरी धूळ उडाली.

"मी फणसपरी. एक मागणं माग."

"आईच्या तोंडाला चव येऊ दे."

"येईल. पण या फणसाची सांदणं तू स्वतः करून तिला द्यायची. आणि त्याआधी कुणी मागितलं, तर 'नाही' म्हणायचं नाही. म्हणालीस, तर जादू विरून जाईल."

शेवंतीने गऱ्यांचा रस काढला. त्यात तांदळाचा रवा, गूळ, ओलं खोबरं घालून वाट्या उकडायला ठेवल्या. झाकण उघडलं, तर आत सहा गुबगुबीत, पिवळीधम्म सांदणं. वास थेट रस्त्यापर्यंत गेला.

शेजारची दोन पोरं धावत आली. "आम्हाला दे ना." दोन गेली. मग मासे विकून दमलेली रखमामावशी दारात टेकली. "पोरी, सकाळपासून पोटात काही नाही." तिने तीन खाल्ली आणि तोंडभर आशीर्वाद दिला.

उरलं एक. ते घेऊन शेवंती आईकडे निघाली, तर परी समोर. "मलाही भूक लागलीय."

शेवंतीचे डोळे भरून आले. "अर्धं चालेल?" तिने विचारलं.

"अर्धं तर माझ्याहून मोठं आहे," परी खुदकन हसली. तिने एक कण उचलला.

आईने पहिला घास घेतला. चावला. थांबली. शेवंती श्वास रोखून बघत राहिली.

"शेवंते," आई म्हणाली, "गूळ जरा जास्त पडलाय गं."

शेवंती एकदम हसायलाही लागली आणि रडायलाही. तेवढ्यात खिडकीतून लख्ख सोनेरी उजेड आला. फणसपरी त्या उजेडात गिरकी घेत विरघळली. उजेड ओसरला, तेव्हा झाडाला बुंध्यापासून शेंड्यापर्यंत फणसच फणस लगडले होते.

आई उठली. तिने केस बांधले, पदर खोचला.

"चल," ती म्हणाली, "बाबा यायच्या आत दुसरी करू. गूळ किती घालायचा, ते दाखवते तुला."