दगड वाहायला नेलेले बैल

खूप जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते मात्र विचारू नका, आम्हालाही ती ऐकूनच ठाऊक. एका राजाला सोळा वर्षांची मुलगी होती. हुशार, धडाडीची आणि खरं सांगायचं तर चांगलीच हट्टी. आपल्यामागं ही राज्य सांभाळेल का, हे पाहायला राजानं एका प्रांताचा शिक्का वर्षभरासाठी तिच्या हाती दिला.

राजकन्येनं ठरवलं, इथं दगडी पेठ बांधायची. तेली, विणकर, सोनार सगळे एका ठिकाणी! गुढीपाडव्याला पेठ उघडायची आणि वडिलांना दाखवायची. आश्विनात पाऊस उघडला, गाडीवाट सुकली, तशी तिनं आज्ञा सोडली, "गावोगावचे बैल खाणीवर आणा. दगड वाहायचेत."

दुसऱ्या दिवशी एक म्हातारी शेतकरीण मुठीत माती घेऊन दरबारात आली.

"बाईसाहेब, रान वाफशावर आलंय," ती म्हणाली. तिनं मूठ दाबली, मातीचा गोळा झाला. टिचकी मारली, गोळा विस्कटला. "बघा, चिखल नाही की कोरडी नाही. अशी माती फार तर आठवडाभर मिळते. ज्वारी, हरभरा, करडई आत्ताच पेरायची. आठ दिवस बैल ठेवा, मग महिनाभर खुशाल न्या."

"पण आजी, रस्ताही आत्ताच सुकलाय ना!"

"रस्ता उन्हाळाभर सुकलेलाच राहणार. रान तेवढं थांबत नाही, लेकी."

'लेकी' ऐकून दरबारी गालातल्या गालात हसले, आणि तिथंच घोटाळा झाला. राजकन्येच्या रागाचा पारा चढला. "प्रांत माझ्या पेठेनं श्रीमंत होणार आहे, तुमच्या चार पोती ज्वारीनं नाही!" ती म्हणाली. बैल खाणीवर गेले.

महिन्यानं ते परतले तेव्हा रानाला भेगा पडल्या होत्या. पेरायची तिफण मातीत शिरेना. पेरलं त्यातलं निम्मं पाखरांनी टिपलं, आणि उगवलं ते गुडघ्याएवढं होऊन वाळलं.

पाडवा आला. पेठ काय देखणी झाली होती म्हणता! राजकन्या नटूनथटून पाहायला निघाली.

तेली घाण्याला टेकून बसला होता. "करडई आहे कुठं, बाईसाहेब? घाण्यात काय घालू, दगड?" सोनारानं दुकान उघडलंच नव्हतं, कारण पीक नाही म्हणून गावांनी लग्नं पुढं ढकलली होती. विणकर म्हणाला, "लोक ज्वारी शोधत फिरतायत. लुगडं घेणार कोण?" गाडीवानांना वाहायला माल नव्हता. दुपारपर्यंत निम्मे लोक बिऱ्हाड बांधून दुसऱ्या प्रांताच्या वाटेला लागले.

राजकन्येच्या तोंडचं पाणी पळालं. ही सगळी माणसं त्या चार पोत्यांवरच जगत होती, आणि तिला ते आज कळत होतं. ती तडक म्हातारीच्या शेतावर गेली.

"आजी, चुकले मी. आता काय करू? बैल देते, माणसं देते, बी देते."

म्हातारीनं तिला जवळ बसवलं. "आधी लोकांना खायला द्या. पेरणी आता व्हायची नाही, बाळ. आश्विनाची वाट बघायची."

"राजाची आज्ञा असली तरी?"

"राजा स्वतः आला तरी."

संध्याकाळी राजा खरंच आला. पेठेतून एक फेरी मारून त्यानं इतकंच विचारलं, "पेठ सुंदर आहे. माणसं कुठं आहेत?"

राजकन्या रडली. मग डोळे पुसून तिनं प्रांताचा शिक्का वडिलांपुढं ठेवला. "बाबा, कोठारं उघडा, या लोकांना वर्षभर आपल्याला पोसावं लागेल. आणि शिक्का तुमच्याकडं ठेवा. मला अजून माती ओळखता येत नाही. आजींच्या रानात राहून शिकते, मग माझं काय ते ठरवा."

राजानं शिक्का उचलून घेतला.

पोरांनो आणि थोरांनो, ध्यानात असू द्या: जे राज्य शेताची वेळ चुकवतं, त्याच्या पेठा कितीही देखण्या असल्या तरी ओसच पडतात.