बोलणारे दार आणि मिठागराची राणी

एका राज्यात वेशीचे दार बोलत असे. येणाऱ्याला ते विचारी, "तू कोण?" जो जे सांगे, तो ते होई, चेहरा, व्रण, आवाज, आजवर बोललेले सारे शब्द दार त्याला देई. मात्र जे कधी बोललेच गेले नाही, ते दाराकडे नसे. धूम्रक मांत्रिकाचा हा शाप. घेतलेले रूप कुणी आपणहून टाकले, तरच तो फिटणार होता.

त्या राज्यात कुणाचा कुणावर विश्वास नव्हता. सासू सुनेला रोज माहेरचे नाव विचारी. लोक वैद्याला आधी त्याची स्वतःचीच नाडी पाहायला लावीत. दुसऱ्याचे रूप घेणाऱ्याला सूळ ठरलेला होता.

एके दिवशी राजा रणकेतू शिकारीहून परतला. दोनदा परतला. दरबारात दोन राजे उभे राहिले.

राणी चित्रांगीने तीन परीक्षा घेतल्या.

"लग्नात काय गडबड झाली?"

"अंतरपाट माझ्या पायावर पडला," दोघे म्हणाले.

"खांद्याचा व्रण दाखवा."

दोघांनी दाखवला.

"मी कोण?"

पहिला हसला. "राजकन्या चित्रांगी. हे काय विचारणे झाले?"

दुसऱ्याने मान खाली घातली. "मिठागरातली कुणी. सांडलेले मीठ तू खडा खडा वेचतेस. राजकन्या वेचत नाहीत. बारा वर्षे मी विचारले नाही."

"निंदा!" प्रधान गरजला. "राणीसाहेब, नाही म्हणा."

सिंहासनामागच्या पिंजऱ्यातली बोलकी साळुंकी म्हणाली, "नाही म्हण, वाचशील. मांत्रिक राज्य करील."

राणी उठली. "मी नागी. राजकन्येची पालखी आमच्या मिठागराशी थांबली, ती तापाने गेली. आपल्यावर आळ येईल म्हणून भोई भ्याले. मी पालखीत बसले आणि वेशीवर दाराला तिचे नाव सांगितले."

तिचा चेहरा गळून पडला. खाली मिठाने चिरलेला, रापलेला चेहरा होता. त्याच क्षणी पहिला राजा धूम्रक झाला, आणि पहारेकऱ्यांनी त्याला धरले.

प्रधान म्हणाला, "महाराज, सूळ एक की दोन?"

"हिने दुष्काळात कोठारे उघडली," राजा म्हणाला. "तेव्हा तुम्हीच अडवत होता, प्रधानजी."

"त्याने जिवंत माणसाची जागा घेतली, हिने मेलेलीची," साळुंकी म्हणाली. "फरक आहे. पण नागी, तिच्या आईची पत्रे येतात ना?"

"येतात."

"उत्तरे कोण देते?"

"मीच. तिच्या नावाने," नागी म्हणाली. राजाने नागीचा सूळ माफ केला. साळुंकीने मान फिरवली.

नागी त्याच दिवशी निघाली, अनवाणी, स्वतःच्या चेहऱ्याने, एका म्हातारीला तिची लेक बारा वर्षांपूर्वी गेल्याचे सांगायला. वर्षाने परतली, तेव्हा त्या म्हातारीचा हात तिच्या हातात होता.

वेशीचे दार आता साधे लाकूड होते. प्रश्न पहारेकरी विचारीत, आणि ते दोन असत: तू कोण? आणि तुझ्याआधी तुझ्या जागी कोण होते?