राजवाड्याची कौलं आणि शाळूचं बी

फार मागची गोष्ट. नदीच्या वळणावर एक गाव होतं आणि गावाशेजारच्या टेकाडावर एक कौलांचा कारखाना होता. गावातल्या निम्म्या चुली त्या कारखान्याच्या जिवावर पेटायच्या. मालक मनानं वाईट नव्हता, पण त्याला कौतुकाची भारी हाव. कुणी "वा मालक!" म्हटलं की मिशीला आपोआप पीळ बसायचा.

एका वर्षी पावसाळा सरता सरता नदी गावात शिरली. माणसं आणि गुरं टेकाडावर चढली म्हणून वाचली. तीन दिवसांनी पाणी उतरलं, पण कणग्यांत ठेवलेलं शाळूचं बियाणं भिजून चिंब झालं. वरून आभाळ गळतच होतं. बी वाळवायला ऊन आणायचं कुठून?

मालकाला वाटलं, आता आपण काहीतरी मोठं करावं. त्यानं ढोल लावला, तांदळाची पोती फोडली आणि शिधा वाटायला उभा राहिला. मुकादम ओरडत होता, "मालकांचा विजय असो!"

रांगेत बायजाक्का होती. वीस वर्षं कौलं थापणारी बाई. तिचा नंबर आला तरी तिनं पदर पसरला नाही.

"आक्का, पसर की पदर," मुकादम म्हणाला.

"पसरते. पण मालक, हे तांदूळ शिजवू कुठं? घरात गुडघाभर चिखल, लाकडं भिजलेली. तुमच्या पागोट्यावर चूल मांडू का?"

बाया फिदीफिदी हसल्या. ढोलवाल्याचा हात वरच राहिला.

मालक लाल झाला. "मग काय पाहिजे तुला? नवं लुगडं?"

"लुगडं नको. भट्टीवरचा माळा पाहिजे."

भट्टीच्या वर लांबलचक फळ्यांचा माळा होता. खालच्या आचेची मंद ऊब तिथं येई आणि कच्ची कौलं त्या उबेला सुकत. बायजाक्कानं ओटीतून मूठभर बी काढलं आणि मालकासमोर धरलं.

"बघा, फुगलंय. अजून मोड आला नाही. दोन दिवसांत सुकलं तर वाचलं. नाहीतर पेरणी गेली, आणि पेरणी गेली की अख्खं गाव पोटामागं परमुलखात. मग खुशाल वाजवा ढोल. ऐकायला कोण असणार?"

मुकादम मधे पडला. "अगं बाई, माळ्यावर राजवाड्याची कौलं आहेत! अमावास्येला द्यायचीत. आत्ता बाहेर काढली तर पावसात विरघळतील."

"विरघळतील म्हणजे काय होईल? परत माती होईल. माती इथंच, आम्ही इथंच. पुन्हा थापू. कुजलेल्या बियाचं पुन्हा बी होतं का रे?"

मालकानं डोकं खाजवलं. राजाचा कारभारी आपल्याला शालजोडी देतोय, असं स्वप्न तो महिनाभर बघत होता. "उद्या सकाळपर्यंत विचार करून सांगतो."

"मला कशाला सांगता? बियाला सांगा, जरा दम धर म्हणून."

मालकानं एकदा माळ्याकडे बघितलं, एकदा तिच्या मुठीकडे. मग पागोटं काढून पोत्यावर ठेवलं, शिडी चढला आणि कौलांची पहिली चळत स्वतःच्या हातानं खाली दिली. मुकादमाला रडूच फुटलं.

अंगणात कौलं भिजली, विरघळली, चिखल झाली. माळ्यावर घराघरातलं बी पसरलं. बाया पाळीपाळीनं ते हातानं हलवत होत्या. खाली भट्टीची आच बेतानं ठेवली होती. भट्टीच्या तोंडाशी मोठ्या हंड्यात मालकाचेच तांदूळ शिजले आणि सगळं गाव एका पंगतीला जेवलं. तिसऱ्या दिवशी बी हातात घेतलं तर खुळखुळ वाजलं.

अमावास्येला कारभारी आला. "कौलं कुठं आहेत?"

"तुमच्या पायाखाली," मालक म्हणाला.

कारभाऱ्यानं खाली बघितलं. जोडे चिखलात घोट्यापर्यंत रुतलेले! तो पाय आपटत पलीकडच्या गावच्या कारखान्याकडे निघून गेला.

पाचव्या दिवशी तोंड पाडून परत आला. पलीकडच्या मालकानं माळा कुणाला दिला नव्हता. त्याची कौलं छान सुकली होती. पण पुरात भिजलेलं तिथलं बी कुजलं, गाव उठून गेलं, आणि कौलं भाजायला एक माणूस शिल्लक नव्हता.

"किती दिवसांत देता?" कारभाऱ्यानं विचारलं.

"पंधरा," खड्ड्यातून आवाज आला. मालक धोतर खोचून माती तुडवत होता. शेजारी न्हावी, कोष्टी, गुरव, कधी कारखान्याची पायरी न चढलेली सगळी माणसं.

"बारा म्हणा," बायजाक्का साचा आपटत म्हणाली. "मालकांनी पाय जरा झपाझप उचलला तर अकरासुद्धा होतील!"

अकराव्या दिवशी भाजलेली कौलं भट्टीतून निघाली. राजवाड्यावर कौलं चढली तेव्हा गावात शाळू वीतभर वर आला होता.

तात्पर्य: अडलेल्याला द्यायचं तर त्याला काय हवंय ते आधी विचारा, आपल्याला मिरवायला बरं दिसतं ते देऊ नका. कौलं पुन्हा थापता येतात, उठून गेलेलं गाव पुन्हा थापता येत नाही.