साळी आळीची मूठ

मल्हारबुवा महाराज पिंपळसोंड गावी राहत होते, तेव्हाची ही गोष्ट. सारे गाव मागांवर जगणारे. महाराजांनी मठात निराधार रोग्यांसाठी अन्नछत्र चालवले होते आणि गावचे पाच सूतव्यापारी दरसाल त्याला ज्वारी देत. रांधायला कोंडाबाई साळी. नवरा गेल्यापासून महाराजांची सेवा हाच तिचा संसार.

त्या वर्षी कापडाला उठाव राहिला नाही. निम्मे माग थांबले आणि व्यापाऱ्यांनी हात आखडता घेतला. मठाच्या कणगीतल्या ज्वारीने तळ गाठला, तशी कोंडाबाई झोळी घेऊन पेढ्या फिरली. शेवटची पेढी विसूशेठची.

"मंदीत धर्म आधी बंद होतो, बाई," तक्क्याला रेलून शेठ म्हणाले. "महाराजांना सांग, बाजार सुधारेपर्यंत चूल झाका. तोवर रोग्यांना म्हणावं, भुकेलाही जरा मंदी येऊ द्या."

पेढीवर हशा पिकला. कोंडाबाईला वाईट वाटले ते अठरा रोग्यांचे. उद्या ते भाकरीची वाट पाहतील, त्यांना काय सांगायचे?

रिकामी झोळी पाहून महाराज हसले. "साळी आळीत गेली होतीस?"

"तिथं कशी जाऊ, महाराज? माग बंद पडलेत त्यांचे. मागून लाजवू का?"

"अगं, गरीब म्हणून तू त्यांना आजवर वगळलंस, त्यांचा देण्याचा मान काढून घेतलास. जा. दारोदार एकच मूठ माग. जास्त घेऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भीतभीत गेली, आणि काय सांगावे! बायांनी उंबरे धुतले. "महाराजांची झोळी माझ्या दारी आली," म्हणत एक म्हातारा बंद मागावरून उठून आला. आंधळ्या ठकूआजीने तर मूठ इतकी गच्च भरली की बोटे उघडेनात. भीत गेलेली कोंडाबाई हसत परतली.

तरी कणगीत ज्वारी वीतभरच झाली. विसूशेठ मुद्दाम बघायला आले. "एवढ्यावर किती दिवस काढणार?"

"बरं झालं आलात," महाराज म्हणाले. "तुमचा हात मापात मुरलेला. आज ज्वारी तुम्हीच काढून द्या. आणि कोंडाबाई, साळी आळीलाही जेवायला बोलाव."

दोन मापांत तळ दाखवतो, म्हणून शेठनी बाह्या सारल्या. एक पायली काढली, दुसरी काढली. जाती घरघरू लागली, भाकऱ्यांच्या चवडी लागल्या, पंगती उठल्या. शेठ घामाघूम झाले, पण कणगीत ज्वारी वीतभरच! शेवटी त्यांनी खांद्यापर्यंत हात घालून तळ चाचपला. बोटांना दाणेच लागले. शेठ मटकन खाली बसले.

"महाराज, चुकलो. उद्याच गाडीभर ज्वारी पाठवतो."

"गाडी नको, शेठ. उद्या कोंडाबाई तुमच्या दारी येईल. सगळ्यांसारखी एक मूठ घाला."

सकाळी कोंडाबाई पोचली तेव्हा शेठ उंबऱ्यात उभेच होते. मूठ ठकूआजीसारखीच गच्च आवळलेली. ती झोळीत रिती करताना चार दाणे जमिनीवर सांडले. ते वेचायला शेठ वाकले. दाणे वेचता वेचता त्यांचे डोके कोंडाबाईच्या पायांशी टेकले, आणि त्यांनी ते लवकर उचलले नाही.