भांडेआळीची गस्त

भांडेआळीतल्या चोऱ्या थांबल्या आणि तिथेच घात झाला. पोलिसांचे अनुदान मंजूर करणारे दाभाडकरसाहेब तपासणीला आले आणि म्हणाले, "गुन्हेच नाहीत, तर गस्त कशाला? अनुदान बंद!"

गस्त उठली की चोर परतणार, हे फौजदार कुसुम घोरपडेंना पक्के ठाऊक होते. पण साहेबांशी वाद घालणे म्हणजे स्वतःची बदली मागून घेणे. त्यांनी अदबीने विचारले, "साहेब, आपल्या बंगल्यात कधी चोरी झाली आहे का?"

"छे! दारात दोन शिपाई असतात. कुणाची टाप आहे?"

"मग उद्यापासून त्या दोघांना भांडेआळीत पाठवा, साहेब. बंगल्यात गुन्हेच नाहीत, तर पहारा कशाला?"

साहेबांनी आधी पाणी मागवले, मग पेन. गस्त चालू राहिली आणि बंगल्यावरचे शिपाईही जागचे हलले नाहीत.