लाटा शिल्लक ठेवणारा राजा

फार फार पूर्वीची गोष्ट. नेमकी कधीची ते विचारू नका, तेव्हा मोजायला कुणी बसलं नव्हतं. भर समुद्रात एक बेट होतं. तिथली माणसं लाकडाची लांब फळी घेऊन पाण्यात शिरायची. मोठी लाट आली की फळीवर ताठ उभी राहायची आणि लाटेबरोबर सुसाट किनाऱ्याला यायची. काम ना धाम! पण त्या नादात भांडणंसुद्धा उद्यावर पडायची.

फळ्या तासायची एक म्हातारी सुतारीण. हाताची सोन्याची, तोंडाची फटकळ.

एके वर्षी समुद्र महिनाभर निपचित पडला. राजा घाबरला. म्हणाला, "माणसं उभी राहून राहून लाटा झिजल्या! आता पुरवून वापरायच्या. माझ्या लेकीच्या लग्नापर्यंत कुणी पाण्यात फळी घालायची नाही."

दरबारानं माना डोलावल्या. त्यांना दुसरं येतं काय?

सुतारीण म्हणाली, "राजा, लाट म्हणजे काय बरणीतलं लोणचं आहे, खाल्लं की संपायला?"

"जीभ आवर, म्हातारे!"

तिनं जीभ आवरली. पाय काही आवरले नाहीत. वारा फिरला, लाट उठली आणि म्हातारी सगळ्यांदेखत तिच्यावर उभी राहिली. राजानं तिला लाटचोर ठरवून होडीत घातलं आणि बेटावरून हाकललं. डोळे पुसत ती शेजारणीला म्हणाली, "माझं घर झाडत जा गं. मी येणार आहे."

होडी लागली दूरच्या एका कोळ्यांच्या गावाला. म्हातारी फळीवर उभी राहिली तशा कोळिणी हसल्या. एक म्हणाली, "आजी, मासा सोडून लाट धरतेस? शिजवणार कशी?"

"दात काय काढतेस? ये, उभी राहा."

ती कोळीण नऊ वेळा आपटली. दहाव्यांदा उभी राहिली आणि अशी ओरडली, की बाकीच्यांनी जाळी टाकून धाव घेतली. त्या गावाचं पाहून पुढचं गाव शिकलं, त्याचं पाहून त्याच्या पुढचं. लाट मात्र बोटभर कमी झाली नाही.

इकडे सात वर्षांनी राजकन्येचं लग्न निघालं. राजा म्हणाला, "चला, सात वर्षांच्या साठवलेल्या लाटा आहेत!"

लाटा होत्या तेवढ्याच होत्या. फळ्या वाळवीनं खाल्ल्या होत्या. जाणते काही मेले होते, काही आखडले होते. पोरांनी तर फळी पाहिलीच नव्हती. जो शिरला तो आपटला.

राजकन्या म्हणाली, "बाबा, लाटा उरल्या. उभी राहणारी माणसं संपली."

राजा खाली मान घालून स्वतः होडीत बसला आणि गावोगाव विचारत कोळ्यांच्या गावी सुतारणीच्या दारात गेला. "म्हातारे, घरी चल."

"लाटचोराला नेतोस?"

"चोर मी. बेटाचं हसू मी चोरलं."

"मग येते. पण एकटी नाही."

चाळीस कोळी-कोळिणी होड्या भरून तिच्यासोबत निघाले आणि बेटाजवळ येताच फळ्यांवर उभं राहून लाटेबरोबर किनाऱ्याला लागले. दुसऱ्या दिवसापासून नवरीनं शिकायला घेतलं. राजाही शिरला, धपकन आपटला. हसू कुणीच दाबलं नाही.

सुतारीण घरी गेली. अंगणात केराची काडी नव्हती. शेजारणीनं सात वर्षं रोज झाडलं होतं.

तात्पर्य: वापरून झिजते ती वहाण; आनंद आणि विद्या झिजतात ते झाकून ठेवल्यानं.