राखलेला पाय

पूर्वी कांपिल्य नगरात जयंत राजाची सत्ता असताना बोधिसत्त्व एका वैद्याच्या घरी जन्मला होता. त्याचे नाव विजित. बापाने त्याला तक्षशिलेला धाडले. तिथे आचार्यांनी चार वर्षे वनस्पतींची नावे पाठ करून घेतली आणि वनस्पती एकही दाखवली नाही. एके दिवशी विजितने विचारले, "आचार्य, आपण तरी ह्या पाहिल्या आहेत का?" त्या दिवशी त्याचे शिक्षण संपले.

तो घरी गेला नाही. उत्तरेच्या डोंगरात एका पूर्वबुद्धाचा स्तूप होता. तिथवर पन्नास दिवसांची पायवाट होती, ती तो चालला. टाचा फुटल्या, दोन नखे गेली, तरी सकाळ झाली की पाय आपणहून सुटायचे, असा त्या वाटेचा नाद त्याला लागला. स्तूप पाहून परतताना शेवटच्या खिंडीखालच्या पांथशाळेत तो सेवेला राहिला.

पांथशाळा सामाआई नावाची विधवा चालवीत असे. तिथली एक रीत होती. येणाऱ्याचे पाय आधी धुवायचे. धुताना जखम दिसली तर धुणाऱ्याने म्हणायचे, "हा पाय राखला." मग जखम भरेपर्यंत त्या यात्रेकरूने पुढे जायचे नाही आणि सोबत्यांनी त्याला टाकून जायचे नाही.

पौर्णिमेच्या आदल्या सकाळी चाळीस जणांचा संघ गात, टाळ्या पिटत येऊन थडकला. पौर्णिमेला स्तूपावर हजार दिवे लागत. ते उद्या दिसणार म्हणून कोणाचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. संघाचा नायक गृहपती सुदंत. बारा यात्रा केलेला, असे तो स्वतःच पहिल्या वाक्यात सांगे. म्हाताऱ्यांना आकड्यांचे फार वेड. किती चुकलो ते मात्र कोणी मोजत नाही.

एवढ्यात ओढ्यावर गेलेली संघातली उत्तरा नावाची विणकरीण ओरडतच आली. "अगं बाई, ओढा आटलाय! पात्र मोकळं पडलंय!"

"ओढ्याने वाट दिली!" सुदंतने हात उंचावले. "कड्याची वाट सोडा. पात्रातून गेलो तर आजच संध्याकाळी स्तूप!"

चाळीस जणांनी जयजयकार केला.

"थांबा," विजित म्हणाला. "पहाटेपासून घागर भरायला दुप्पट वेळ लागतोय. वर बर्फ वितळतंय, पाणी वाढायला हवं. आटलंय म्हणजे वर दरड पडून ते तुंबलंय. फुटेल तेव्हा पात्रात असेल तो गेला."

"पोरा, तू किती वेळा चाललास?"

"एकदा."

लोक हसले.

"मी बारा वेळा. पुण्यवंतांना वाट मिळते."

विजितच्या जिभेवर फार वाईट शब्द आले. ते गिळून तो तांब्या घेऊन सुदंतच्या पायाशी बसला. सुदंत पाय आखडू लागला तशी सामाआई म्हणाली, "राजालाही सूट नाही हो इथं."

तळवे लोण्यासारखे मऊ होते. डाव्या टाचेखाली ताजा फोड फुटला होता. काल चढ लागल्यावर सुदंतची डोली परत गेली, हे संघाच्या गप्पांत त्याच्या कानावर आले होते. हा पाय ही वाट कधीच चालला नव्हता, हे विजितला कळले. ओरडून सांगितले असते तर म्हाताऱ्याची चांगली जिरली असती. त्याने आवाज खाली आणला.

"आजोबा, हा पाय राखला."

"गप्प बस. जोडा दे."

"मी तुमचं काही सांगणार नाही. पण हे चाळीस जण तुमच्या शब्दावर खाली उतरतायत."

"आजोबा, चला की!" उत्तरा ओरडली. "का पुण्यच तुंबलं?"

विजित उठला. "गृहपतींचा पाय राखला आहे."

एकच गलका झाला. "बारा यात्रांच्या पायाला फोड?" "पोरगं जळतंय!" "आजोबा, पाय दाखवा आणि याचं थोबाड बंद करा!" काही जण तर पात्राकडे चालूही लागले.

सुदंतने पाय धोतराखाली ओढून घेतला होता. चाळीस तोंडे त्याच्याकडे बघत होती. मग हळूहळू त्याने तो बाहेर काढला.

"बारा वेळा माझ्या नावाने माझा गडी चालला," तो म्हणाला. "मी घरी बसून आकडा वाढवला. हा ओढा मी आज पहिल्यांदा बघतोय. पोरगं सांगतंय ते ऐका. परत फिरा!"

"मेल्या म्हाताऱ्या," उत्तरा म्हणाली आणि पांथशाळेच्या पायरीवर मटकन बसली. पुढे गेलेले परतले.

दुपारी डोंगर गुरगुरला. काळे पाणी, त्यात उभी देवदारे, हत्तीएवढे धोंडे! पांथशाळेची जमीन थरथरत होती आणि माणसे एकमेकांना धरून ओरडत होती: भीतीने, आनंदाने, कोणास ठाऊक कशाने.

हजार दिवे कोणालाच दिसले नाहीत. सहा दिवसांनी फोड भरला आणि संघ कड्याच्या वाटेने निघाला, गातच. सर्वांत मागे काठी टेकत सुदंत होता. कोणी त्याच्यासाठी थांबले नाही. त्यानेही थांबा म्हटले नाही.

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, भिक्षूंना म्हणाले, "त्या वेळची सामाआई म्हणजे आज विहाराच्या दारात पाणी ठेवणारी उपासिका. उत्तरा म्हणजे मागे बसून हसणारी ती भिक्षुणी. सुदंत म्हणजे आज सकाळी नवख्यांपुढे आपल्या वर्षावासांचा आकडा सांगत बसलेले स्थविर. आणि विजित तो मीच. भिक्षूंनो, या कथेतला गुण सत्य. त्या दिवशी तो माझा नव्हता, स्थविरांचा होता."